स्वांटे अऱ्हेनियस : नापसंत प्रबंधापासून नोबेल पारितोषिकापर्यंत



परीक्षेचा निकाल लागला की कित्येक घरांत आनंद होतो आणि कित्येक घरांत जेवणसुद्धा गोड लागत नाही. वर्ग किती मिळाला, टक्के किती पडले, यावरून मुलाचे सारे भवितव्य ठरले असे आपण समजतो. अशा वेळी ज्याची आठवण ठेवावी असा एक शास्त्रज्ञ स्वीडन देशात होऊन गेला. ज्या प्रबंधाला त्याच्या विद्यापीठाने अगदी कनिष्ठ श्रेणी दिली, त्याच प्रबंधात मांडलेल्या विचारांसाठी एकोणीस वर्षांनी त्याला जगातील सर्वश्रेष्ठ पारितोषिक मिळाले. रासायनिक क्रियांचा वेग उष्णतेने का वाढतो हे त्यानेच जगाला समजावून सांगितले, आणि हवेतील कार्बन डायऑक्साइड वाढला तर पृथ्वी किती तापेल याचे गणितही सर्वांत आधी त्यानेच मांडले. या शास्त्रज्ञाचे नाव स्वांटे आउगुस्ट अऱ्हेनियस. त्याच्या जीवनातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, आणि टाळण्यासारखेही थोडे आहे. दोन्ही आपण पाहू.

बालपण आणि शिक्षण

अऱ्हेनियस यांचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला शहराजवळ विक या ठिकाणी झाला. वडील जमीन मोजणीचे काम करीत आणि उप्साला विद्यापीठाच्या नोकरीत होते. घर खाऊनपिऊन सुखी, पण श्रीमंत म्हणावे असे नव्हे. मुलगा तीन वर्षांचा असतानाच आपला आपण वाचायला शिकला. वडील हिशेबाच्या वह्यांत बेरजा करीत बसत, ते पाहून पाहून त्याला आकडेमोडीचा छंद जडला. पालकहो, येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या मुलासाठी कोणी खास शिकवणी ठेवली नव्हती. घरात वडील मन लावून काम करीत होते आणि मुलगा ते पाहत होता, इतकेच.

वयाच्या आठव्या वर्षी तो उप्सालाच्या शाळेत थेट पाचव्या इयत्तेत दाखल झाला आणि १८७६ मध्ये शालेय शिक्षण संपवून विद्यापीठात गेला. तेथील पदार्थविज्ञानाच्या अध्यापनाने मात्र त्याचे समाधान होईना. म्हणून १८८१ मध्ये तो राजधानी स्टॉकहोमला गेला आणि विज्ञान अकादमीतील प्राध्यापक एडलुंड यांच्या हाताखाली काम करू लागला. क्षार पाण्यात विरघळवले असता त्या द्रावणातून वीज कशी वाहते, हा त्याने अभ्यासाचा विषय निवडला.

नापसंत झालेला प्रबंध

मीठ कोरडे असताना त्यातून वीज जात नाही. शुद्ध पाण्यातूनही ती जवळजवळ जात नाही. पण मीठ पाण्यात घातले की त्या द्रावणातून वीज वाहू लागते. असे का व्हावे? अऱ्हेनियस यांनी शेकडो मोजमापे घेतली आणि क्षार, आम्ल यांचा काही भाग पाण्यात क्रियाशील अवस्थेत जातो व तोच भाग वीज वाहून नेतो, असा विचार मांडला. १८८४ मध्ये सुमारे दीडशे पानांचा प्रबंध त्यांनी उप्साला विद्यापीठाला सादर केला.

परीक्षकांना हा विचार पटला नाही. प्रबंधाला चौथी श्रेणी मिळाली. तोंडी परीक्षेत त्यांनी आपली बाजू समर्थपणे मांडल्यावर ती तिसरी झाली. अशा श्रेणीवर विद्यापीठात अध्यापकाची जागा मिळण्याची आशा नव्हती. त्यांचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक क्लेव्ह हे काही सामान्य गृहस्थ नव्हते. होल्मियम आणि थुलियम ही दोन मूलद्रव्ये त्यांनीच शोधून काढली होती. पण विद्वान मनुष्यालाही आपल्या विद्यार्थ्याच्या नव्या विचारात काही तथ्य असेल असे प्रत्येक वेळी वाटतेच असे नाही.

मित्रांनो, येथे तो तरुण खचून बसला असता तर ही कथा येथेच संपली असती. त्याने आपल्या प्रबंधाच्या प्रती युरोपातील नामवंत शास्त्रज्ञांना पाठविल्या. त्यांपैकी एक प्रत रीगा येथील विल्हेल्म ऑस्टवाल्ड यांच्या हाती पडली. ऑस्टवाल्ड त्या वेळी निरनिराळी आम्ले रासायनिक क्रियांना किती वेग देतात याची मोजमापे करीत होते. त्यांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहिले. जे आम्ल वीज चांगली वाहून नेते, तेच आम्ल क्रियेला अधिक वेग देते असे त्यांना दिसले. एकाने वीज मोजली होती, दुसऱ्याने वेग मोजला होता, आणि दोघांची उत्तरे जुळत होती. ऑस्टवाल्ड त्याच वर्षी स्वतः उप्सालाला आले आणि त्यांनी या तरुणाला रीगा येथे जागा देऊ केली. परगावचा एवढा मोठा प्राध्यापक आपल्या विद्यार्थ्यासाठी चालत येतो हे पाहून विद्यापीठानेही त्यांना अध्यापकपद दिले. वडील आजारी असल्यामुळे अऱ्हेनियस तेव्हा रीगाला गेले नाहीत. पुढच्या वर्षी वडील वारले. त्यानंतर अकादमीची प्रवासवृत्ती घेऊन त्यांनी ऑस्टवाल्ड, कोलराउश, बोल्ट्‌झमान आणि व्हांट हॉफ अशा थोर शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळांत काही वर्षे काढली.

१८८७ मध्ये त्यांनी आपला सिद्धान्त पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध केला. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे सोडियम आणि क्लोरीन असे विद्युत्‌भारित कण, म्हणजे आयन, सुटे होतात. त्यासाठी बाहेरून वीज सोडावी लागत नाही. यावर पुष्कळांनी टीका केली. सोडियम पाण्यात पडला तर पेट घेतो, क्लोरीन तर विषारी वायू. मग मिठाच्या पाण्यात हे दोन्ही सुटे कसे राहतील, असा त्यांचा आक्षेप होता. सोडियम धातू वेगळा आणि विद्युत्‌भारित सोडियम आयन वेगळा, हे लोकांच्या गळी उतरायला बरीच वर्षे लागली.

साखर, आम्ल आणि वेगाचे कोडे

आता त्यांच्या दुसऱ्या मोठ्या कामाकडे वळू. ते आपल्या स्वयंपाकघराच्या अगदी जवळचे आहे. ईदच्या दिवशी किंवा लग्नसराईत मिठाईसाठी साखरेचा पाक करताना त्यात लिंबू पिळतात हे तुम्ही पाहिले असेल. लिंबू पिळल्याने पाक लवकर साखरत नाही. याचे कारण असे की, लिंबातील आम्लामुळे काही साखर फुटते आणि तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. या मिश्रणाचे खडे सहज बनत नाहीत. या क्रियेत आम्ल स्वतः खर्च होत नाही. असा पदार्थ, जो क्रिया जलद घडवून आणतो पण शेवटी जसाच्या तसा उरतो, त्याला आपण उत्प्रेरक म्हणतो. ही कल्पना १८३५ मध्ये बर्झेलियस या स्वीडनच्याच रसायनशास्त्रज्ञाने मांडली होती. साखर फुटण्याच्या क्रियेचा वेग १८५० मध्ये जर्मनीतील विल्हेल्मी यांनी पहिल्यांदा मोजला होता.

अऱ्हेनियस यांनी १८८९ मध्ये हीच क्रिया अभ्यासाला घेतली. उष्णतेने तिचा वेग फार झपाट्याने वाढतो. २५ अंश सेल्सिअसवरून ३५ अंशांवर गेले की साखर जवळजवळ चौपट वेगाने फुटते. कोडे होते ते येथेच. दहा अंशांनी तापविल्यावर रेणूंची सरासरी गती दोन टक्क्यांनीसुद्धा वाढत नाही. रेणू जर जेमतेम दोन टक्के जलद धावत असतील तर क्रिया चौपट कशी होते?

अऱ्हेनियस यांनी उत्तर दिले ते असे. सगळेच रेणू क्रियेत भाग घेत नाहीत. जे थोडे रेणू विशिष्ट मर्यादेपेक्षा अधिक ऊर्जा बाळगून असतात तेच क्रिया करू शकतात. कोकणातून देशावर यायचे तर मध्ये सह्याद्रीचा घाट आडवा येतो, तसा प्रत्येक क्रियेच्या वाटेत ऊर्जेचा एक घाट असतो. थंड स्थितीत तो ओलांडणारे रेणू फारच थोडे असतात. तापमान किंचित वाढले तर सरासरी फारशी बदलत नाही, पण घाट चढण्याइतके बळ असलेल्यांची संख्या कितीतरी पटींनी वाढते. घाट जितका उंच तितका उष्णतेचा परिणाम मोठा. या घाटाच्या उंचीला आज सक्रियण ऊर्जा म्हणतात, आणि वेग व तापमान यांचा संबंध दाखविणारे सूत्र अऱ्हेनियस यांच्या नावाने महाविद्यालयात शिकविले जाते. व्हांट हॉफ यांनी तशा स्वरूपाचे सूत्र पाच वर्षे आधी सुचविले होते; त्याचा अर्थ लावला तो अऱ्हेनियस यांनी.

मग उत्प्रेरक काय करतो? तो रेणूंना जास्त बळ देत नाही. तो त्यांना दुसरी, कमी उंचीची वाट दाखवितो. घाट चढण्याऐवजी बोगद्यातून जावे तशी. निघण्याचे ठिकाण तेच, पोहोचण्याचे ठिकाणही तेच, फक्त प्रवास सोपा होतो.

एवढे समजले की रोजच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो. उन्हाळ्यात दूध लवकर का नासते, मासळी बर्फात का ठेवतात, प्रेशर कुकरमध्ये पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापत असल्याने डाळ लवकर का शिजते, या सर्वांमागे हाच नियम आहे. आपल्या शरीरात अन्न पचते ते ३७ अंशांवर, कारण तेथे विकरे नावाचे उत्प्रेरक काम करीत असतात.

हवेचे गणित

१८९१ मध्ये अऱ्हेनियस स्टॉकहोमच्या उच्च विद्यालयात अध्यापक झाले आणि १८९५ मध्ये, काहींचा विरोध असतानाही, प्राध्यापक झाले. याच काळात त्यांनी एक निराळाच प्रश्न हाती घेतला. पृथ्वीवर पूर्वी हिमयुगे का आली असतील? हवेतील बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड उष्णता अडवून धरतात हे अमेरिकेत युनिस फूट यांनी १८५६ मध्ये आणि इंग्लंडात टिंडल यांनी १८५९ पासून केलेल्या प्रयोगांवरून माहीत झाले होते. पण हा वायू कमीजास्त झाला तर तापमान नेमके किती बदलेल हे कोणी काढले नव्हते.

१८९४ च्या डिसेंबरात ते हे गणित करायला बसले. गणकयंत्र नव्हते, मदतनीस नव्हता. लँग्ली या अमेरिकन शास्त्रज्ञाने चंद्रापासून येणाऱ्या उष्णतेची जी मोजमापे केली होती, ती घेऊन प्रत्येक अक्षांश पट्ट्यासाठी आणि प्रत्येक ऋतूसाठी त्यांनी हजारो आकडेमोडी हाताने केल्या. सुमारे वर्षभर हे काम चालले. याच सुमारास त्यांचा संसारही मोडत होता. १८९४ मध्ये त्यांनी सोफिया रुडबेक या आपल्या विद्यार्थिनीशी विवाह केला होता. त्यांना एक मुलगा झाला, पण दोन वर्षांत पती-पत्नी विभक्त झाले.

१८९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. कार्बन डायऑक्साइड निम्मा झाला तर तापमान ४ ते ५ अंशांनी उतरेल, दुप्पट झाला तर ५ ते ६ अंशांनी चढेल. दगडी कोळसा जाळून माणूस हा वायू हवेत सोडतो आहे हेही त्यांनी जाणले. मात्र थंड देशात राहणाऱ्या अऱ्हेनियस यांना ही ऊब वरदान वाटली. शेती पिकेल, हवामान सुखावह होईल असे त्यांनी पुढे आपल्या पुस्तकात लिहिले. शिवाय वायू दुप्पट व्हायला फार दीर्घ काळ लागेल असा त्यांचा अंदाज होता.

त्यांच्या काळी हवेच्या दहा लक्ष भागांत या वायूचे सुमारे २९५ भाग होते. २०२४ साली ते प्रमाण ४२० च्या वर गेले. वायू दुप्पट झाल्यास तापमान बहुधा अडीच ते चार अंशांनी वाढेल, असे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानविषयक समितीने २०२१ मध्ये सांगितले. प्रचंड संगणकांनी काढलेले हे उत्तर आणि एका माणसाने कागद-पेन्सिलीने काढलेले उत्तर यांत फार अंतर नाही, हे विशेष. गणित जवळपास बरोबर निघाले. गती ओळखण्यात मात्र ते चुकले, आणि ऊब हे वरदान असेल हा त्यांचा तर्कही चुकला.

मान आणि डाग

१९०३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अऱ्हेनियस यांना मिळाले. हा मान मिळविणारे ते पहिले स्वीडिश नागरिक. ज्या समितीने त्यांचा विचार केला तिचे अध्यक्ष होते तेच प्राध्यापक क्लेव्ह! १९०५ मध्ये बर्लिनहून मोठ्या जागेचे बोलावणे आले, पण त्यांनी मायदेश सोडला नाही. त्यांच्यासाठी नोबेल संस्थेने भौतिक रसायनशास्त्राची स्वतंत्र प्रयोगशाळा काढली आणि अखेरपर्यंत ते तिचे संचालक राहिले. त्याच वर्षी मारिया योहान्सन यांच्याशी त्यांचा दुसरा विवाह झाला. विषे आणि त्यांवरचे उतारे यांनाही क्रियावेगाचे नियम लावून त्यांनी १९०७ मध्ये ग्रंथ लिहिला. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या कैदेत पडलेल्या जर्मन आणि ऑस्ट्रियन शास्त्रज्ञांना सोडविण्यासाठी त्यांनी खटपट केली आणि तिला यशही आले.

पण थोरांच्या चरित्रात जे आहे ते सर्व सांगितले पाहिजे. मूलद्रव्यांची आवर्त सारणी मांडणारे रशियाचे मेंडेलीव्ह यांनी आयनांच्या सिद्धान्तावर टीका केली होती. १९०६ मध्ये समितीने मेंडेलीव्ह यांचे नाव पारितोषिकासाठी पुढे केले, तेव्हा ते मागे पडण्यामागे अऱ्हेनियस यांचे वजन होते असे इतिहासकार सांगतात. पुढच्याच वर्षी मेंडेलीव्ह वारले आणि ते पारितोषिक त्यांना कधीच मिळाले नाही. तरुणपणी ज्याने स्वतः अन्याय सोसला, त्याच्या हातात अधिकार आल्यावर त्याने दुसऱ्याच्या वाटेत उभे राहावे, याचे दुःख वाटते.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. १९०९ मध्ये स्वीडनमध्ये वंशशुद्धीचा पुरस्कार करणारी संस्था निघाली. अऱ्हेनियस तिच्या कार्यकारिणीत होते, आणि १९२२ मध्ये सरकारी वंशजीवशास्त्र संस्था स्थापन होण्यास ज्यांनी हातभार लावला त्यांतही ते होते. काही माणसे जन्मानेच श्रेष्ठ आणि काही हीन, ही ती विचारसरणी. पुढे १९३४ मध्ये, अऱ्हेनियस यांच्या मृत्यूनंतर, स्वीडनने कायदा केला आणि हजारो माणसांची मूल होण्याची शक्ती शस्त्रक्रियेने नष्ट करण्यात आली. रेणूंच्या बाबतीत पुराव्याशिवाय एक पाऊल न टाकणारा माणूस माणसांच्या बाबतीत पुराव्याशिवाय विश्वास ठेवून बसला. केवळ विद्येने माणूस न्यायी होत नाही; त्यासाठी मनही घडवावे लागते. आपल्या मुलांना विज्ञान शिकविताना हे विसरून चालणार नाही.

२ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोम येथे अऱ्हेनियस यांचे निधन झाले. ज्या उप्सालाने त्यांना तिसरी श्रेणी दिली होती त्याच गावी त्यांचे दफन झाले.

त्यांच्यानंतर

त्यांनी दाखविलेली वाट पुढे कोठे गेली हे थोडक्यात पाहू. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवून दिले की, शीतकपाटांत व फवाऱ्याच्या डब्यांत वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू आकाशात उंच गेल्यावर फुटतात आणि त्यांतून सुटलेला क्लोरीन ओझोनचा नाश करतो. क्लोरीन येथे उत्प्रेरक असतो, स्वतः संपत नाही. म्हणून त्याचा एक अणू ओझोनचे लाखभर रेणूसुद्धा नष्ट करू शकतो. १९८५ मध्ये दक्षिण ध्रुवावरील ओझोनच्या थराला मोठी गळती लागल्याचे जाहीर झाले, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल येथे राष्ट्रांनी करार केला, आणि तो थर आता हळूहळू भरून येत आहे.

दुसरा उत्प्रेरक आपल्या उपयोगी पडणारा. मोटारीच्या धुराच्या नळीत प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या धातूंचा पातळ लेप दिलेली जाळी बसवितात. विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तेथे निरुपद्रवी वायूंत बदलतात. १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नई येथे नव्या पेट्रोल मोटारींना ही जाळी सक्तीची झाली. शिसे या धातूंना निकामी करते, म्हणून त्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले. गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे ही जाळी नीट काम करीत नाही, कारण ती पुरेशी तापलेली नसते. येथेही नियम अऱ्हेनियस यांचाच.

विद्यार्थिमित्रांनो, हे सारे नुसते वाचून सोडू नका. औषधाच्या दुकानात जखम धुण्याचे हायड्रोजन पेरॉक्साइड मिळते. मोठ्या माणसांना सोबत घेऊन ते दोन पेल्यांत थोडे थोडे ओता. एकात कच्च्या बटाट्याची फोड टाका, दुसऱ्यात उकडून गार केलेल्या बटाट्याची. कच्च्या फोडीभोवती बुडबुडे उठतील, कारण बटाट्यातील विकर पेरॉक्साइड फोडून ऑक्सिजन मोकळा करते. उकडलेली फोड गप्प राहील, कारण उष्णतेने विकरच मोडलेले असते. आता दुसरे दोन पेले घ्या. एक थोडा वेळ बर्फात ठेवा, एक बाहेर. दोन्हींत कच्च्या फोडी टाका आणि बुडबुड्यांतला फरक वहीत टिपून ठेवा. मोजण्याची सवय अशीच लागते.

आणि पालकहो, मुलाच्या गुणपत्रिकेवर तिसरी श्रेणी दिसली तर त्याला बोल लावण्यापूर्वी त्याची वही एकदा उघडून पाहा. तो काय मोजतो आहे, काय विचारतो आहे, हे त्याला विचारा. अऱ्हेनियस यांना रीगाहून येणारा एक वाचक भेटला. आपल्या मुलाचा पहिला वाचक आपणच व्हायला काय हरकत आहे?